रेस्ट डेचे जादा तास

ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स या उपनगरातल्या त्या घरात सकाळी सर्वांत आधी जाग येई ती नानांना, आणि नानांना जाग आली की भांड्यांच्या आवाजाने ती इतरांनाही येई. पांडुरंग खांबेटे, म्हणजे नाना, सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते आणि पुण्याची थंडी चुकवून मुलाकडे, रवींद्रकडे, राहायला आले होते. त्या मंगळवारी ते नेहमीप्रमाणे उठले. विजेच्या किटलीवर विश्वास नसल्यामुळे त्यांनी पातेल्यात आधण ठेवले, आले किसले आणि चहा उकळेपर्यंत शेजारच्या नॉर्माबाईंच्या काचघरातले टोमॅटो कालच्यापेक्षा किती लाल झाले आहेत याची खिडकीतून पाहणी केली. मग सून प्रमोदिनी उठली. तिने पोळीला जॅम फासून तिची गुंडाळी मुलीच्या डब्यात ठेवली, कारण भाजी दिली की डबा जसा जाई तसाच परत येई. शेवटी रवींद्र दाढी करून, ओळखपत्र गळ्यात अडकवून स्वयंपाकघरात आला, या देशात न्याहारी म्हणून मान्यता पावलेल्या गव्हाच्या दोन विटा त्याने दुधात बुडवल्या, आणि गालिच्यावर पालथी पडून कार्टून पाहणाऱ्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीकडे त्याची नजर गेली.

"इरा, आज प्रॅक्टिस किती वाजता?"

"नो प्रॅक्टिस. इट्स अ रेस्ट डे."

"काल होती ना पण?"

"यस्टरडे वॉज अ रेस्ट डे टू." इरावतीने मान वळवली नाही. "कोच सेज द आर्म नीड्स इट."

रवींद्रचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्यावर थांबला. लागोपाठ दोन दिवस विश्रांती! ज्या माणसाची दहावी जादा तासांत गेली, ज्याने दिवाळीची सुट्टी सराव-परीक्षांत घालवली आणि ज्याच्या आईने तापात त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवताना दुसऱ्या हातात इतिहासाचे पुस्तक धरले होते, त्याच्या दृष्टीने रेस्ट डे हा सभ्य भाषेत सांगितलेला आळस होता. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने विश्रांती ही गोष्ट निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलेली असते, आणि नाना तर ती तेव्हाही घेत नव्हते.

"दोन दिवस?" नाना चहा गाळता गाळता म्हणाले. "दोन दिवस वापरला नाही तर गिलावा करणाऱ्याचाही हात आखडतो."

विश्रांतीचे कारण रवींद्रला ठाऊक नव्हते असे नाही. मोसमाच्या सुरुवातीला कोच हेमीने सगळ्या पालकांना मैदानावर गोळा करून ते सांगितले होते. हेमी पेशाने हिशेबतपासनीस. आठवडाभर टाय बांधून तो लोकांचे कर वाचवी आणि संध्याकाळी व शनिवारी अनवाणी पायांनी मुलांना बेसबॉल शिकवी. 'किया ओरा' असा तिथला नमस्कार करून त्याने पालकांना बजावले होते की अंग गरम करून मग चेंडू फेकायचा, चेंडू फेकून अंग गरम करायचे नाही. जिकडे फेकायचे तिकडे पाऊल पडले पाहिजे, कारण खरी फेक पायांतून आणि कमरेतून येते, दंड हा केवळ तिचा शेवटचा थांबा. उंचवट्यावरून चेंडू टाकणाऱ्या मुलाचे, म्हणजे पिचरचे, सामन्यातले चेंडू मोजले जातील, मर्यादा संपली की तो खाली उतरेल आणि पुढचे काही दिवस चेंडूला हात लावणार नाही. या वयात कोपराचे हाड कच्चे असते; ते बिघडले तर मोसम जात नाही, खेळच जातो. आणि हवेत वळणारा 'कर्व्ह बॉल' दाढी करायला लागेपर्यंत कोणीही टाकायचा नाही.

"सो व्हेन डू आय?" इरावतीने विचारले होते.

"नेव्हर, मेट," हेमी म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

रवींद्रही हसला होता. परंतु त्या संपूर्ण व्याख्यानातले त्याच्या मनावर कोरले गेले ते नेमके सूचनांत नसलेले वाक्य. जाता जाता हेमी म्हणाला होता, "शी'ज गॉट हीप्स ऑफ आर्म, दॅट गर्ल." म्हणजे पोरीच्या हातात ढीगभर जोर आहे. हे वाक्य हेमी दर शनिवारी निदान चार मुलांबद्दल उच्चारत असे, पण स्तुती ही घाऊक भावात मिळालेली असली तरी ती घरी नेताना किरकोळ भावाने सांगायची असते.

ती सांगण्याची संधी रविवारी समोरच्या श्यामच्या घरी जेवायला गेल्यावर मिळाली. श्याम पार्ल्याचा होता आणि त्याला सगळे माहीत असे; या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तो स्वतःच समजावून देई.

"रव्या, तुला कळतंय का तुझ्या हाताला काय लागलंय?" वांग्याचे भरीत बाजूला सारून श्याम म्हणाला. "अमेरिकेत कॉलेजं बेसबॉलला फुल स्कॉलरशिप देतात. फुल! राहणं, खाणं, फी. आमचा शंतनु पोहतो, पण पाण्यात डोकं घातलेल्या पोराला कोण ओळखणार?"

"त्यात मुलगी. त्यात आपली," श्यामची बायको नीता म्हणाली. "त्यांना फोटोसाठी तरी एक लागतेच."

घरी आल्यावर प्रमोदिनीने संगणक उघडला आणि थोड्या वेळाने शांतपणे सांगितले, "अरे, तिथे मुलींना शिष्यवृत्ती सॉफ्टबॉलची मिळते. बेसबॉलची मुलांना."

"नियम बदलतात, प्रमो."

"आणि सॉफ्टबॉलच्या मोठ्या चेंडूचा आकार? तोही बदलणार का इरासाठी?"

 दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरामागच्या हिरवळीवर इरावतीचे जादा तास सुरू झाले, अर्थात फक्त रेस्ट डेच्या दिवशी, कारण इतर दिवशी क्लबची प्रॅक्टिस असे. हेमीला हे कळवण्याची आवश्यकता रवींद्रला भासली नाही. शाळेतल्या मास्तरांना क्लासबद्दल कोणता पालक सांगतो?

चेंडू अडवायला मागे जाळी हवी होती. रवींद्रच्या मनात दोन काठ्या आणि एक जुनी चादर होती, पण नाना त्या क्षणी तीस वर्षांनी तरुण झाले. त्यांनी जागेची मोजमापे घेतली, नकाशा काढला आणि "अंदाजपत्रकाशिवाय खुंटीसुद्धा ठोकायची नाही" असे म्हणून रवींद्रला लाकूड, सिमेंट आणि मासेमारीची जाळी आणायला पाठवले. चार खांब गुडघाभर काँक्रिटमध्ये उभे राहिले. त्यांची उंची घराच्या पन्हळीच्या वर गेली तेव्हा प्रमोदिनीने एवढेच विचारले की यावर विमाने उतरणार आहेत का.

प्रमोदिनीच्या आग्रहाने रवींद्रने कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारले की हे कुंपण आहे की इमारत. रवींद्र म्हणाला, जाळी आहे. बाईंच्या यादीत जाळी नव्हती. त्यांनी तो फोन ज्या विभागाकडे दिला तिथे जाळीचा संबंध फक्त जलतरण तलावाशी येत असे, आणि त्यामुळे पुढच्या आठवड्यात एक तरुण निरीक्षक तलावाभोवतीच्या कुंपणाची तपासणी करायला हजर झाला. त्याने सगळीकडे फिरून तलाव शोधला. तो नाही हे मान्य केले. तरीही बागेचे फाटक आपोआप बंद होत नसल्याचा दोष त्याने नोंदवला, कारण त्या मुद्द्याला त्याच्याकडे रकाना होता.

"तात्पुरती बांधणी आहे म्हणून कळव," नाना म्हणाले. "मी साताऱ्याकडे एक तात्पुरती मोरी बांधली होती. एसट्या अजून तिच्यावरूनच जातात."

इरावतीचा चेंडू झेलायचे काम अर्थातच रवींद्रकडे आले. श्यामकडून यष्टिरक्षकाचे पॅड आणून तो जाळीपुढे उकिडवा बसला आणि नंतर उठेना. मन उठत होते, गुडघे सहमत नव्हते. नानांनी त्याला काखेत हात घालून उभे केले आणि ही कमोड वापरू लागलेल्या पिढीची शोकांतिका असल्याचे मत नोंदवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो लंगडत गेला. "स्पोर्ट्स इंज्युरी," असे त्याने बेफिकिरीने सांगितल्यावर सहकाऱ्यांच्या डोळ्यांत त्याने नव्या देशात प्रथमच आदर पाहिला. तो आदर "कुठला खेळ?" या प्रश्नापर्यंत टिकला.

नॉर्माबाईंच्या काचघराची काच फुटली तीही याच काळात. एक गोष्ट इतिहासासाठी स्पष्ट केली पाहिजे: इरावतीचा एकही चेंडू जाळीबाहेर गेला नाही. काच फुटली ती रवींद्रने तिला परत फेकलेल्या चेंडूने. ऐंशीच्या घरातल्या नॉर्माबाई चेंडू आणि पिशवीभर लिंबे घेऊन दाराशी आल्या. "नो वरीज, डिअर," त्या म्हणाल्या. "पण तू पेटीत पत्र टाकल्यासारखा फेकतोस. पाऊल टाक की पुढे!" रवींद्र कृतज्ञतेने भारावून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी कौन्सिलकडे तक्रारही केली. लिंबे आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शेजारधर्म दोन्हींनी पाळता येतो, हे समजायला त्याला या देशात आणखी काही वर्षे लागणार होती.

कर्व्ह बॉलचा विषय मात्र नानांनी काढला. "दाढीचा आणि कोपराचा काय संबंध? आमच्या वेळी पोरं अर्ध्या चड्डीत ऑफस्पिन टाकत." रवींद्रने ऑफिसच्या प्रिंटरवर बोटांच्या पकडीची चित्रे छापून आणली. इरावतीला ती पकड तिसऱ्या संध्याकाळी साधली. चेंडू थेट रवींद्रच्या नाकाच्या रोखाने आला आणि शेवटच्या क्षणी जणू पाय घसरून त्याच्या गुडघ्यावर पडला. वेदनेने आणि अभिमानाने त्याचे डोळे एकदमच भरून आले.

"अगेन, डॅड?"

"अगेन!"

प्रत्येक फेक तो मोठ्याने मोजत असे, सूर्यनमस्कार मोजावेत तशी. आकडा कालच्यापेक्षा एकाने तरी वाढलाच पाहिजे असा त्याचा नियम होता.

एके सकाळी प्रमोदिनी म्हणाली, "रवी, ती डाव्या हातानं दात घासतेय."

"चांगलंच आहे. मेंदूची दुसरी बाजू वापरली जाते."

"कोपर दुखत असेल तिचं."

"स्नायू तयार होतायत, प्रमो. आधी जरा दुखणारच."

नानांनी आंबेहळदीचा लेप लावला. त्याने कोपर पिवळे झाले आणि मैत्रिणी हसतील म्हणून इरावती क्लबमध्ये गणवेशाच्या आत लांब बाह्यांचा शर्ट घालू लागली. त्यामुळे हेमीला हळद दिसली नाही.

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा सामना टाकानिनी उपनगराच्या संघाशी होता. जिंकणारा संघ ऑकलंडच्या स्पर्धेत जाणार होता, आणि गडद चष्मे लावलेले दोन निवडकर्ते झाडाखाली येऊन बसले होते. या प्रसंगाला साक्षीदार असावेत म्हणून रवींद्रने मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना ईमेल केली होती, आणि गणपतीच्या सभेला न येणारी मंडळीही झाडून आली. घडीच्या खुर्च्या आल्या, छत्र्या आल्या, बटाटेवड्यांचे डबे आले, बर्फात बुडवलेल्या ताकाच्या बाटल्यांची एक मोठी शीतपेटी आली. इरावतीने फलंदाज चुकवला की "गणपती बाप्पा मोरया!" असा गजर होई आणि पंच दचकून मागे पाही. श्याम सर्वांना नियम समजावत होता. त्यातले काही बेसबॉलचे होते.

"ऑसम एनर्जी," एक गोरी आई म्हणाली आणि तिने दुसरा वडा घेतला.

सामना शेवटच्या डावापर्यंत आला. इरावतीचा संघ एका धावेने पुढे होता. टाकानिनीचे दोन जण बाद झाले होते, तिसरा बाद झाला की विजय, पण त्यांचे दोन गडी मैदानावरच्या तळांवर पळायला टपून उभे होते. इरावतीने चेंडू टाकला, फलंदाज मुलगी चुकली, गजर झाला. त्या गजरात इरावतीने डाव्या हातातला हातमोजा काखेत धरून उजवे कोपर दाबलेले रवींद्रला दिसले. इतर कोणी ते पाहिले नाही. नाही, एकाने पाहिले. हेमी कुंपणाशी आला.

"रवी, आठवड्यात मधे ती टाकत होती का?"

"जस्ट अ लिटल," रवींद्र म्हणाला.

हेमीने हातातल्या चेंडू मोजायच्या क्लिकरकडे पाहिले. "माझ्या मोजणीनं अजून बरेच शिल्लक आहेत. स्वीट ॲज, सगळं ठीक." तो परत गेला.

पुढचा चेंडू वळला. सरळ येता येता तो खाली कोसळला आणि फलंदाज मुलीने हवेत बॅट फिरवली. मंडळ उभे राहिले. निवडकर्त्यांपैकी एकाने चष्मा काढला. हेमी मात्र गर्रकन वळला.

"हू टॉट हर दॅट?"

"हर फादर!" श्यामने रवींद्रच्या पाठीवर थाप मारून अख्ख्या मैदानाला कळवले.

प्रमोदिनी रवींद्रच्या खुर्चीशी वाकली. ती रागावलेली असती तर त्याला सोपे गेले असते. "काल मी तिला विचारलं, किती दुखतं," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणाली, डोन्ट टेल डॅड. ही'ज सो हॅपी."

फलंदाज तीनदा चुकला की बाद; आणखी एक चेंडू, आणि सगळे संपणार होते. नियमाने कसलीच अडचण नव्हती. क्लिकरवरचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत होता, आणि खरा आकडा किती हे या मैदानावर नेमके फक्त एका माणसाला ठाऊक होते, कारण बाकीचे चेंडू त्याने स्वतः मोठ्याने मोजले होते. रवींद्रने आयुष्यात एकही पेपर अर्धा सोडून दिला नव्हता. बाकावरून उठायला लागणारी हिंमत त्याच्याकडे आहे की नाही, हे त्याला कधी तपासावेच लागले नव्हते.

तो उठला. मांडीवरचा वड्याचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला, कारण अशा क्षणीही कचरा टाकण्याचे त्याचे धाडस नव्हते. कुंपणाला वळसा घालून तो हेमीपाशी गेला आणि त्याच्या कानाशी आठवड्याचा खरा आकडा सांगितला. मग, हिशेबतपासनिसासमोर अर्धवट हिशेब नको म्हणून, आधीच्या आठवड्यांचेही आकडे सांगितले.

"तिला काढ," तो म्हणाला. "प्लीज."

हेमीने क्लिकरकडे एकदा पाहिले आणि तो खिशात टाकला. मग त्याने रवींद्रकडे पाठ फिरवून पंचाला हात केला. 

खेळ थांबला. हेमी उंचवट्यावर गेला, गुडघ्यावर बसला आणि इरावतीशी बोलला. "व्हॉट? नो! आय'व गॉट हर!" तिचा आवाज कुंपणापर्यंत आला. मग तिने वडिलांना हेमीच्या जागी उभे पाहिले, आणि तिला सगळे समजले. चेंडू तिने हेमीच्या हातात ठेवला नाही, जमिनीवर टाकला.

नवा पिचर एक सोनेरी केसांचा, भेदरलेला मुलगा होता. त्याचा पहिलाच चेंडू फलंदाज मुलीने क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून असा भिरकावला की तळांवरचे दोघेही धावत शेवटच्या तळावर आले आणि दोन धावा झाल्या. टाकानिनीच्या मुलांनी टोप्या उडवल्या. निवडकर्ते आपल्या खुर्च्या मिटू लागले.

मंडळाने मात्र पराभवाची मीमांसा तत्काळ सुरू केली.

"जिंकलेली मॅच! काढलीच का पोरीला?" श्याम गरजला. "सरळ आहे हो. आपली मुलगी पुढे गेलेली यांना बघवत नाही."

"हा भेदभाव आहे, चक्क भेदभाव," नीता म्हणाली. "याच्यावर पत्र लिहायला पाहिजे मंडळाच्या लेटरहेडवर."

"मी बांधकाम खात्यात असलं पुष्कळ पाहिलंय," नाना म्हणाले.

रवींद्र ताकाच्या पेटीपाशी उभा होता. इतका सोयीचा अपमान त्याच्या वाट्याला आजवर आला नव्हता. फक्त गप्प राहिले की पुरे होते. मंडळ लढले असते, सहानुभूती दाखवली असती, पुढच्या निवडणुकीत कदाचित त्याला उपाध्यक्षही केले असते.

"हेमीनं नाही," तो म्हणाला. "मी काढायला सांगितलं."

"तू?" श्यामचा वडा हातातच राहिला. "अरे पण का?"

"तिचं कोपर दुखतंय. मीच दुखवलंय ते."

 नानांनी दुसरीकडे, बहुधा नसलेल्या मोरीकडे, पाहिले. नीताने कोणाला आणखी चटणी हवी आहे का असे विचारले. रवींद्रने शीतपेटीतल्या ताकाच्या बाटल्या एकेक करून गवतावर काढल्या, खालचा बर्फ दोन्ही मुठींनी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरला, तिचे तोंड गाठ मारून बंद केले आणि खेळाडूंच्या बाकाकडे चालू लागला. "अरे, ताक गरम होईल!" असे मागून कोणीतरी ओरडले.

इरावती बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. टोपी डोळ्यांवर ओढलेली. रवींद्र मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसला.

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "तो म्हणेल तितके दिवस चेंडू नाही. घरी तर नाहीच."

 समोर टाकानिनीची मुले एका ओळीत येऊन हेमीच्या मुलांच्या हातांवर टाळ्या देत होती. ती ओळ संपेपर्यंत दोघांनी तिच्याकडेच पाहिले. मग इरावतीने शर्टाची लांब बाही वर सरकवली आणि आपले पिवळे, सुजलेले कोपर त्याच्या बाजूला केले. तिने माफ केले होते असे मुळीच नाही. बर्फ त्याच्या हातात होता, इतकेच. रवींद्रने पिशवी त्या कोपराखाली धरली आणि पाणी पँटवर ठिबकू लागले तरी हात हलू दिला नाही.